मेकअप उतरवायला तेल: कोणतं घ्यायचं, कसं लावायचं, कसं काढायचं

बिब्ब्याचं तेल शंभर टक्के नैसर्गिक असतं. तरी ते अंगावर उततं, फोड येतात आणि काळा डाग मागे राहतो. मोहरीचं तेलही नैसर्गिकच, पण नाकाला झणका देणारा त्यातला घटक गालाचीही आग करू शकतो. लिंबाच्या सालीचं सुगंधी तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी लाल होऊ शकते. तेव्हा ‘नॅचरल’ हा शब्द वाचून बाटली पिशवीत टाकणाऱ्यांशी माझं काही पटत नाही.

मेकअप उतरवायच्या तेलात तीन गोष्टी बघाव्यात. त्यात कोणतं फॅटी ॲसिड (तेल ज्यांचं बनतं त्यातला मुख्य घटक) जास्त आहे, ते ताजं आहे का, आणि ते चेहऱ्यावरून पूर्णपणे निघणार कसं. पहिल्या दोन गोष्टींवर लोक तासन्‌तास बोलतात. तिसरीकडे कुणी बघत नाही, आणि ‘तेलानं मला पुटकुळ्या आल्या’ या तक्रारींचं मूळ बरेचदा तिथंच असतं. तेल बरं होतं, ते रात्रभर चेहऱ्यावर राहिलं हे वाईट झालं.

तेलानं मेकअप निघतो कसा

फणस कापायचा असला की आपण हाताला आणि विळीला आधी खोबरेल चोपडतो, कारण चीक पाण्यानं सुटत नाही, तेलानं सुटतो. मस्कारा, काजळ, लिपस्टिक, फाउंडेशन यांत मेण, तेलं आणि रंगाची पूड असते. वॉटरप्रूफ असेल तर ती पाण्याला दाद देत नाही, पण तेलात सैल होते. सनस्क्रीनचंही तसंच. पुण्यात दुचाकीवरून फिरणाऱ्या मुली सकाळी सनस्क्रीन लावतात, वरून डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं बांधतात आणि संध्याकाळी घाम, धूळ आणि सनस्क्रीन यांचा एक चिकट थर घेऊन घरी येतात. मेकअप केलेला नसला तरी या थराला तेल उपयोगी पडतं.

सगळंच तेलानं निघतं असं मात्र नाही. ‘ट्यूबिंग’ प्रकारचा मस्कारा पापणीभोवती पॉलिमरची नळी करून बसतो. तो कोमट पाण्यानं सुटतो, तेलानं नाही. तिथं तेल घेऊन पापण्या चोळत बसणं म्हणजे निव्वळ छळ. बारा-बारा तास टिकणाऱ्या मॅट लिक्विड लिपस्टिक आणि काही फाउंडेशन सिलिकोनच्या राळेवर बेतलेली असतात. त्यांना वनस्पती तेल लागू पडतं, पण हळू. दोनदा तेल लावायची तयारी ठेवा, जोर वाढवू नका. नव्वद टक्के जळजळ तेलाची नसून चोळण्याची असते, असं मी म्हणेन. आकडा अर्थातच माझ्या मनातला.

आधी स्वतःची त्वचा बघा

दुकानात जाण्याआधी आरसा. चेहरा साध्या फेसवॉशनं धुवा, काहीही न लावता तासभर थांबा. गाल ओढल्यासारखे वाटले, ओठांच्या कडेला पांढुरकं दिसलं तर त्वचा कोरडी. कपाळ आणि नाक चकाकायला लागलं तर तेलकट. पुण्यात हे ऋतूनुसार बदलतं: डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत ज्यांचे गाल फुटतात, त्यांचंच कपाळ जूनच्या दमट हवेत चिपचिपतं. म्हणून एकच तेल बाराही महिने चालेल असं गृहीत धरू नका.

काही जणांनी मात्र वनस्पती तेलाच्या वाटेला जाऊच नये, किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. कपाळावर, हेअरलाइनजवळ एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या असतील आणि त्या घाम आला की वाढत असतील, तर ती साधी मुरुमं नसून मॅलेसेझिया नावाच्या बुरशीचा त्रास असू शकतो. ही बुरशी आपल्या त्वचेवर असतेच, आणि बहुतेक वनस्पती तेलांतली फॅटी ॲसिड हे तिचं खाद्य. कोंडा ज्यांना कायमचा आहे त्यांनीही भुवयांभोवती आणि नाकाच्या कडेला सांभाळून. (हेल्मेट घालणाऱ्यांच्या कपाळावर हा त्रास दिसला तर हेल्मेटचं अस्तर धुवा. हेल्मेट न घालण्यासाठी पुणेकरांना आणखी एक कारण पुरवायचा माझा इरादा नाही.)

मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन, ॲडापलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड लावत असाल तर त्वचेचा वरचा थर आधीच नाजूक झालेला असतो. पील किंवा लेझर नुकतं झालं असेल, चेहऱ्यावर ओला इसब असेल, कुठं सोललं असेल तर तेल, कापूस, चोळणं सगळंच थांबवा. बदाम, शेंगदाणा किंवा तीळ खाण्यात चालत नसेल तर त्यांची तेलं चेहऱ्यालाही नकोत. घाण्याच्या शेंगदाणा तेलात थोडी प्रथिनं उतरतात आणि ॲलर्जी त्या प्रथिनांची असते.

कोणतं तेल कुणाला

दोन फॅटी ॲसिडांची नावं लक्षात ठेवा: ओलिइक आणि लिनोलिइक. ओलिइक ॲसिड जास्त असलेलं तेल जड, मऊपणा देणारं, त्वचेत मुरणारं. लिनोलिइक जास्त असलेलं तेल हलकं आणि त्वचेच्या संरक्षक थराला पूरक. मुरुमं येणाऱ्यांच्या त्वचेवरच्या तेलात लिनोलिइक ॲसिड कमी असतं असं आढळलेलं आहे. म्हणून तेलकट आणि मुरुमांच्या चेहऱ्याला लिनोलिइकवालं तेल आधी करून बघावं, हा साधा हिशोब.

इथं आपल्या करडईची गोष्ट आलीच. महाराष्ट्र हा देशातल्या प्रमुख करडई उत्पादक राज्यांपैकी एक. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं या पिकावर अनेक वर्षं काम केलं आहे. आपल्याकडच्या पारंपरिक करडईच्या तेलात साधारण सत्तर टक्क्यांच्या वर लिनोलिइक ॲसिड असतं. चेहऱ्याला हलकं, वासाला बेताचं, परदेशी बाटल्यांच्या मानानं स्वस्त. परदेशात हेच तेल ‘सॅफ्लॉवर’ नावानं ड्रॉपरच्या बाटलीत विकलं जातं आणि आपण ते ऑनलाइन मागवतो. तेलकट किंवा मिश्र त्वचेसाठी माझी पहिली शिफारस करडई. एकच अडचण: लिनोलिइक जास्त म्हणजे तेल लवकर खवट होतं. त्याबद्दल पुढे बोलू. हल्ली ओलिइक जास्त असलेल्या करडईचे वाणही आले आहेत, त्यामुळे बाटलीवर ‘हाय ओलिइक’ असं असेल तर वरचं वर्णन त्याला लागू नाही. सूर्यफुलाचं तेल करडईच्याच पंक्तीतलं. तिथंही हीच खबरदारी.

जोजोबा हे खरं तर तेलच नाही, द्रवरूप मेण आहे, आणि आपल्या त्वचेच्या तेलातही मेणाचा अंश असतो. म्हणून ते बहुतेकांना सोसतं. लवकर खराबही होत नाही. राजस्थानात त्याची लागवड होते, तरी महाग पडतं. ज्यांची त्वचा कशानंही बिथरते आणि ज्या आठवड्यातून एखाद्या वेळीच मेकअप करतात त्यांनी जोजोबाची लहान बाटली घ्यावी. फार स्वस्त मिळालं तर घटकांची यादी वाचा.

कोरड्या त्वचेला गोडं बदाम तेल चांगलं. त्यात ओलिइक दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणून मुरुमांच्या चेहऱ्याला नको. कडू बदामाचं सुगंधी तेल ही वेगळीच चीज, ती चेहऱ्यावर नाही.

ऑलिव्हबद्दल माझं मत वाईट आहे, आणि त्याला थोडा आधारही आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात प्रौढांच्या हातावर काही आठवडे ऑलिव्ह आणि सूर्यफुलाचं तेल लावून बघितलं. ऑलिव्हनं त्वचेचा संरक्षक थर कमकुवत केला, किंचित लालीही आणली. सूर्यफुलानं तसं केलं नाही. तिथं तेल हातावर तसंच ठेवलं होतं, आपण ते दोन मिनिटांत काढणार, त्यामुळे धोका तेवढा नाही. पण करडई निम्म्याहून कमी किमतीत मिळत असताना ऑलिव्ह का घ्यावं, हे मला कळत नाही.

आणि खोबरेल. नाटकाच्या रंगपटात पिढ्यान्‌पिढ्या रंग उतरवायला खोबरेल तेलच वापरलं गेलं. काम ते उत्तम करतं. पण त्यात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड असतं आणि मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवण्याबद्दल बदनाम आहे. ज्यांना वर्षानुवर्षं सोसतंय त्यांनी कुणाचं ऐकून सोडू नये. नव्यानं सुरू करणाऱ्या विशीतल्या मुलीला, जिची हनुवटी पुटकुळ्यांनी भरलेली आहे, तिला मी खोबरेल सुचवणार नाही. चोवीस-पंचवीस अंशांखाली ते थिजतं हेही लक्षात ठेवा. जानेवारीत घट्ट गोळा चेहऱ्यावर घासू नका, तळहातावर पूर्ण पातळ होऊ द्या.

एरंडेल एकटं कधीच नको, फार दाट आणि चिकट. हट्टी लिपस्टिकसाठी चार भाग करडई-बदामात एक भाग मिसळलं की कामाला येतं. क्वचित कुणाच्या ओठांना त्याची ॲलर्जी निघते. तिळाचं तेल अंगाला छान, चेहऱ्याला वास जड. साय आणि तूप? आजीच्या काळी मेकअप म्हणजे पावडर आणि कुंकू होतं, तेव्हा ते भागायचं.

टी ट्री, लव्हेंडर, संत्रं अशी सुगंधी तेलं ‘दोनच थेंब’ म्हणून घालायचा मोह आवरा. त्यातले लिमोनीन, लिनालूल हे घटक हवेनं बदलतात आणि ॲलर्जी आणतात. डोळ्यांजवळ तर अजिबात नाही.

इंटरनेटवर प्रत्येक तेलाला ‘छिद्रं बुजवण्याचे’ 0 ते 5 असे गुण दिलेले तक्ते फिरतात. त्यातल्या बऱ्याच आकड्यांचा उगम सशाच्या कानावर केलेल्या जुन्या चाचण्यांत आहे. आपल्या गालाबद्दल ते थोडीफार दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत.

विकत घेताना

लाकडी घाण्याची दुकानं आता पुण्यात पेठांपासून उपनगरांपर्यंत सगळीकडे झाली आहेत. तिथं गेल्यावर भाव विचारण्याआधी ‘हे कधी काढलंय?’ असं विचारा. ‘ताजंच आहे’ हे उत्तर नव्हे. आठवडा सांगा म्हणावं. तेल थेंबभर तळहातावर घ्या, दोन्ही हात चोळा, हात नाकाशी न्या. करडईला सौम्य, किंचित दाण्यासारखा वास येतो. जुन्या फरसाणाचा, मेणाच्या खडूचा, किंवा घशात खवखवणारा वास आला तर ते खवट झालंय. खवट तेलातले बदललेले घटक त्वचेला टोचतात. दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली बाटली कितीही देखणी असली तरी घेऊ नये. घाण्याच्या तेलात तळाला गाळ बसतो, तो चेहऱ्याला नको. वरचं नितळ तेल दुसऱ्या बाटलीत काढा.

रिफाइंड म्हटलं की हल्ली लोक नाक मुरडतात. खाण्याचं काय ते आहारतज्ज्ञ सांगतील. त्वचा फार संवेदनशील असेल तर रिफाइंड तेलाला वास, रंग आणि इतर अंश कमी असतात, म्हणून कधी कधी तेच जास्त सोसतं. घाण्याचंच हवं हा हट्ट इथं कामाचा नाही.

मेडिकलमध्ये किंवा मंडईच्या आसपासच्या काष्ठौषधींच्या दुकानांतून बाटली घेत असाल तर पुढचं चित्र नव्हे, मागची यादी वाचा. घटक उतरत्या प्रमाणात लिहिलेले असतात. ‘बदाम तेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक बाटल्यांत पहिला घटक लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल असतं, मग नावापुरता बदाम, मग परफ्यूम. खनिज तेल त्वचेला वाईट असं नाही. शुद्ध केलेलं असेल तर ते उलट फारसं कुणाला चिडवत नाही. पण पैसे बदामाचे दिलेत आणि सुगंध फुकटात आला, हे चेहऱ्यासाठी नको. खऱ्या बदाम तेलाच्या यादीत प्रुनस ॲमिग्डॅलस डल्सिस, जोजोबाच्या यादीत सिमंड्सिया चायनेन्सिस एवढंच नाव असतं, फार तर सोबत ई जीवनसत्त्व. केसांचं सुवासिक तेल चेहऱ्यावर वापरू नका, मग त्यावर कितीही जडीबुटींची चित्रं असोत.

किती घ्यायचं? एका वेळी अर्धा चमचा, म्हणजे साधारण अडीच मिली लागतं. 100 मिलीची बाटली चाळीस वेळा पुरते. रोज मेकअप करणाऱ्यांनी तेवढीच घ्यावी, लग्नकार्यापुरता करणाऱ्यांनी 50 मिली. करडई-सूर्यफूल उघडल्यापासून दोन-तीन महिन्यांत संपवा, बदाम सहा महिन्यांत. बाटली गडद काचेची, अर्धवट रिकामी फार काळ न ठेवलेली, आणि बाथरूममध्ये नाही. गिझरच्या वाफेत तेल लवकर बिघडतं. फ्रिजच्या दारात ठेवलंत तर उत्तम, फक्त घरच्यांनी ते फोडणीला घेऊ नये म्हणून चिठ्ठी चिकटवा.

चेहऱ्याआधी हातावर

कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी तेल दिवसातून दोनदा लावा, आठवडाभर, त्याच जागी. लगेच आग झाली तर ती चिडचिड. धुवा आणि ते तेल विसरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज, पुरळ, सूज आली तर ॲलर्जीची शक्यता. ते तेल पुन्हा नको, कमी प्रमाणातही नको. हातावर निभावलं तर जबड्याच्या एका कोपऱ्यावर वापरून बघा. पुटकुळ्या उठायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून तेवढ्या काळात दुसरं काही नवं, नवी क्रीम, नवं सीरम, सुरू करू नका. नाहीतर दोषी कोण ते कळणार नाही.

घरात मुलीच्या लग्नाची गडबड असेल तर ही चाचणी मुहूर्ताच्या महिनाभर आधी उरका. रिसेप्शनच्या रात्री पहिल्यांदा नवं तेल लावायचं आणि दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला लाल चेहरा घेऊन बसायचं, हे टाळता येण्यासारखं आहे.

आता उतरवायला बसू

हात धुवा आणि पुसून कोरडे करा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या आधी काढा, तेलाच्या बोटांनी नंतर नाही. केस मागे बांधा. टिकली काढा; तिचा गोंद राहिला असेल तर तिथं तेलाचा थेंब टेकवून ठेवा, नखानं खरवडू नका. टिकलीच्या जागी कायम खाज किंवा पांढुरका डाग दिसत असेल तर तो गोंदातल्या रसायनाचा त्रास असू शकतो, त्यावर तेल हा उपाय नाही. टिकली बंद करून डॉक्टरांना दाखवा.

चेहरा कोरडाच ठेवा. आधी पाणी मारलंत तर तेल मेकअपपर्यंत पोचत नाही, वरच्यावर घसरतं.

डोळ्यांपासून सुरुवात करा. कापसाचा चपटा तुकडा घ्या, पाण्यात भिजवून पिळा म्हणजे तो तेल सगळं पिऊन टाकणार नाही, मग त्यावर चार-पाच थेंब तेल. डोळा मिटा, तुकडा पापणीवर ठेवा आणि अर्धं मिनिट काहीही करू नका. हे अर्धं मिनिट सगळ्यांना जड जातं. थांबलात तर तुकडा खाली ओढताच मस्काराची काळी कमान त्यावर उमटलेली दिसते आणि पापणीवर फार तर पुसट करडी रेघ उरते. नाही थांबलात तर तोच मस्कारा गालभर पसरतो आणि मग चोळाचोळ सुरू. ओढायचं ते वरून खाली, पापण्यांच्या दिशेनं. खालच्या पापणीचं काजळ इअरबडनं, बाहेरच्या कोपऱ्याकडून नाकाकडे, हलक्या हातानं. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर तेल नेऊ नका. तिथं तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात. ज्यांना वरचेवर रांजणवाडी होते किंवा पापण्यांच्या कडेला खपल्या धरतात त्यांनी डोळ्यांना तेल लावूच नये, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच वापरावं. तेल डोळ्यात गेलं तर थोडा वेळ धूसर दिसतं. स्वच्छ पाण्यानं धुवा, चोळू नका. आणि पापण्यांना एक्स्टेन्शन लावून घेतलं असेल तर तेलानं त्याचा गोंद सैल होतो, हजारो रुपये दोन दिवसांत बेसिनमध्ये जातील.

मग ओठ, त्यातही तसंच: तेल लावा, थांबा, पुसा.

मग बाकीचा चेहरा. अर्धा चमचा तेल तळहातावर घ्या, हात चोळून कोमट करा आणि गाल, कपाळ, हनुवटी, शेवटी नाक अशा क्रमानं बोटांच्या पेरांनी गोल फिरवा. मिनिटभर पुरे. फाउंडेशन तेलात मिसळून हाताला मातकट लागायला लागलं की झालं. पाच-पाच मिनिटं मालिश करून ‘छिद्रांतली घाण बाहेर येते’ असं दाखवणारे व्हिडिओ बघून तसं करू नका. जबड्याखाली, कानाच्या पाळीमागे आणि केसांच्या कडेला हात फिरवायला विसरू नका. मेकअप नेमका तिथं राहतो.

तेल काढायचं, हाच खरा भाग

दिवाळीच्या अभ्यंगालाही आपण तेल लावून तसंच फराळाला बसत नाही, उटणं लावतोच. चेहऱ्याचंही दुसरं आवर्तन चुकवायचं नाही.

मऊ, जुनं सुती कापड कोमट पाण्यात भिजवून पिळा. धुऊन धुऊन विरलेला पंचा किंवा मलमल यासाठी फार छान, नव्या टॉवेलची खरखरीत बाजू नको. कापड चेहऱ्यावर दहा सेकंद नुसतं टेकवा, मग अलगद पुसा. घासायचं नाही. कापडाची बाजू बदलून पुन्हा एकदा. पाणी कोमट म्हणजे मनगटाला गरम न लागणारं.

यानंतर सौम्य फेसवॉश. आंघोळीचा साबण नको. त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) साधारण 9 ते 10 असतो आणि आपल्या त्वचेचा पाचाच्या आसपास, शिवाय तेलाच्या मागोमाग साबण लावला की चेहरा ओढला जातो. बेसन किंवा मसुराचं पीठ तेल शोषतं खरं, पण त्याचे कण रगडले की ओरखडे उठतात. वापरायचंच असेल तर चाळलेलं, ताकासारखं पातळ, आणि डोळ्यांपासून लांब.

इथं पाण्याचा मुद्दा येतो, आणि तो पुण्यात फार खरा आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं नळाला येणारं पाणी तसं हलकं. वाघोली, उंड्री, हिंजवडीकडच्या ज्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात तिथलं पाणी जड असतं. खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार त्यात उतरलेले असतात. बादलीवर, नळावर पांढरे थर, साबणाला फेस नाही, अशी त्याची ओळख. अशा पाण्यात साबण फाटतो आणि चेहऱ्यावर त्याचाच चिकट पापुद्रा बसतो. पेठेत राहणाऱ्या मावशीला जे तेल चालतं तेच वाघोलीतल्या भाचीला पुटकुळ्या आणतं, तेव्हा दोष पाण्याचाही असू शकतो. उपाय सोपा आहे: साबणाऐवजी साबणविरहित फेसवॉश घ्या, आणि शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याच्या एका तांब्यानं करा.

दुसऱ्यांदा धुवायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी एक पर्याय आहे. कॉस्मेटिकचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे पॉलिसॉर्बेट 80 हे तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य मिळतं. 90 मिली तेलात 10 मिली मिसळलं की पाणी लागताच त्याचं दूध होतं आणि ते वाहून जातं. वापरण्याआधी बाटली हलवा आणि बाटलीत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. पॉलिसॉर्बेट नैसर्गिक नाही, मान्य. पण रात्रभर राहिलेल्या नैसर्गिक तेलापेक्षा ते मला परवडतं. हे मिश्रण डोळ्यांना झोंबू शकतं, तिथं साधंच तेल.

चेहरा अलगद टिपा, ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. तेल निघालंय का हे बघायचं असेल तर मॉइश्चरायझरच्या आधी नाकाच्या कडेवर टिश्यू दाबा. पारदर्शक डाग आला तर अजून तेल आहे.

कापड त्याच रात्री गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा, नाहीतर दोन दिवसांत त्यालाच खवट वास येतो. कापसाचे बोळे बेसिनमध्ये नको. फरशीवर सांडलेलं तेल लगेच पुसा, ज्येष्ठांच्या घरात तर विशेष.

गणपती, नाटक आणि नाच

विसर्जनाहून आल्यावर ढोल-ताशा पथकातल्या मुली थेट बेसिन गाठतात. गुलालावर आधी पाणी मारलं की रंग उतरून त्वचेत बसतो. आधी कोरडा झटका, मऊ फडक्यानं, डोळे मिटून. मग तेल. डोळ्यात गुलाल गेला असेल तर तेल नाही, भरपूर पाणी, आणि टोचणं थांबलं नाही तर डॉक्टर.

पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराच्या रंगपटात प्रयोग संपला की पुढच्या संघाला जागा द्यायची घाई असते. तिथं मुलं ओल्या वाइप्सनी चेहरा खसाखसा पुसून बाहेर पडतात आणि दुसऱ्या दिवशी गाल सोललेले असतात. रंगमंचाचा मेकअप जाड असतो, त्याला दोनदा तेल लागतंच. रंगपटात वेळ नसेल तर लहान बाटली आणि पंचा सोबत ठेवा, जाड थर पहिल्या तेलानं काढा आणि बाकीचं घरी जाऊन सावकाश करा. भरतनाट्यम किंवा लावणीच्या डोळ्यांसाठी अर्धं मिनिट नाही, पूर्ण मिनिट कापूस ठेवा.

कधी थांबायचं

लाली दोन दिवसांत गेली नाही, पापण्या सुजल्या, पू धरलेल्या मोठ्या गाठी आल्या, किंवा तेल बंद करूनही खाज चालूच राहिली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. स्टेरॉइडची मलमं मेडिकलमधून आपल्या मनानं आणून चेहऱ्यावर लावू नका. त्यांनी लाली तात्पुरती दबते आणि नंतर दुप्पट होऊन येते. जाताना तेलाची बाटली, फेसवॉश आणि मेकअपची सगळी उत्पादनं पिशवीत घालून न्या. घाण्याचं तेल दुसऱ्या बाटलीत ओतून घेतलं असेल तर दुकान आणि काढल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून बाटलीला लावा, म्हणजे डॉक्टरांना पॅच टेस्ट करायची झाली तर नेमकं काय तपासायचं ते कळेल.